मडीची दोन लुगडी आणि पंच्याहत्तर किलो

आजोबांची तिथी, वार रविवार, सकाळचे नऊ वाजून गेलेले. रक्कम, दांड्यासकट, पंच्याहत्तर किलो. हजर माणसे तीन: मी, आई आणि आत्या. मी दांड्याखाली उताणा पडलो होतो आणि त्या दोघी मडीत होत्या. एवढे नोंदवले की त्या दिवशीची बहुतेक अडचण सांगून झाली; उरलेली सांगायला हे प्रकरण लागेल.

मडी म्हणजे सोवळे. तंजावूरच्या आमच्या मराठी घरांतून मूळ शब्द कधी मागे पडला आणि शेजाऱ्यांचा शब्द कधी आत आला हे मला ठाऊक नाही; माझ्या लहानपणी मडीच होती. पहाटे विहिरीवर अंघोळ करायची, आदल्या दिवशी धुऊन छताजवळच्या उंच बांबूवर वाळत घातलेले लुगडे काठीने खाली ओढायचे, ते नेसायचे, आणि मग स्वयंपाक होऊन पाने उठेपर्यंत कोणाला शिवायचे नाही की कोणाला शिवू द्यायचे नाही. रोजच्या मडीत थोडी सूट असे. तिथीच्या मडीत अजिबात नसे. त्या दिवशी आम्ही घरात भिंतीला पाठ घासत चालत असू, आणि आत्या स्वयंपाकघरातून बाहेर निघाली की तोंडाने 'हूं, हूं' करत निघे, टाउन बस वळणावर हॉर्न देते तशी.

आत्या ही अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूल नव्हते, ती माहेरी परत आली. आजोबा वारले तेव्हापासून त्यांच्या तिथीचा पाक, म्हणजे श्राद्धाचा स्वयंपाक, तिच्या हातचा. आई भाजी चिरी, उडीद वाटी, पाणी काढी, भांडी मांडी. पण चुलीवरच्या भांड्यात पळी घालायची ती आत्याने. आत्याचे वजन कधी कोणी केले नव्हते. माझा अंदाज चाळीसच्या आतबाहेरचा. आवाज मात्र पुष्कळ जास्त वजनाचा होता.

घर राजवाड्यामागच्या गल्लीत, भाड्याचे. पुढे बसायला तिण्णै, म्हणजे ओटा. मग दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे उघडे अंगण, त्यात विहीर. सकाळी विहिरीच्या रहाटाची कुरकूर, तिच्यावर वाटण्याच्या दगडाची घरघर, तिच्यावर शेजारच्या निवृत्त मास्तरांचा, त्यांना आम्ही सर म्हणत असू, रेडिओ. ताजी पेटवलेली चूल, करपत आलेला कढीलिंब, ओल्या लाकडाचा धूर. अण्णा वीज खात्यात हिशेब बघत आणि घरातही आकड्यांतच बोलत. 'उशीर झाला' असे ते म्हणत नसत, 'सतरा मिनिटे' म्हणत. मी पुढे त्याच धंद्यात गेलो, त्याला हेच कारण असावे. माझी मुलगी चेन्नईला असते, मराठी सगळे समजते, बोलते थोडे, देवनागरी वाचत नाही. तेव्हा मी इथे जे काही लिहितो आहे ते तिच्यापासून सुरक्षित आहे.

कॉलेजात गेल्यावर मी शेल्वम मास्टरांच्या व्यायामशाळेत जाऊ लागलो. गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, आत लोखंड, एक आरसा आणि मारुतीचा फोटो. मास्टर दिवसा भाताच्या गिरणीत कामाला असत आणि सकाळ-संध्याकाळ आम्हांला शिकवत. तिथे मी एकटा मराठी, म्हणून मला सगळे 'रायर' म्हणत. आमच्या लोकांना तमिळमध्ये म्हणतातच तसे. स्क्वॉट म्हणजे खांद्यांवर दांडा घेऊन उकिडवे बसायचे आणि उठायचे. बेंच प्रेस म्हणजे बाकावर उताणे पडून दांडा छातीपर्यंत आणायचा आणि परत वर ढकलायचा. दोन्हींत खाली जाणे सोपे.

"डेय रायर," मास्टर म्हणत, "वजने दोन असतात. एक दांड्यावर, एक डोक्यात. दांड्यावरचे मी चढवतो. डोक्यातले तू उतरव."

त्यांचे ठाम मत होते की शरीर सगळ्यांत शेवटी हरते. त्याच्या आधी डोके हरते, आणि डोके हरते ते आकडा ऐकून. म्हणून ज्या आकड्याला पोर अडे त्याचे नाव व्यायामशाळेत घ्यायला बंदी. माझ्या बरोबरीचे चौघे-पाच जण स्क्वॉटला शंभरावर अडले होते. त्यामुळे शंभर हा शब्द तिथून नाहीसा झाला, त्याला नुसते 'ते' म्हणू लागले. "आज रायर 'ते' करणार आहे का?" असे एकमेकांना हळू आवाजात विचारले जाई. एका मुलाने गणिताच्या पेपरात किती मिळाले ते सांगताना 'त्यापैकी बासष्ट' असे सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. मी पंच्याण्णव घेऊन सहज उठत असे. 'ते' घेऊन खाली जाई, अर्ध्यावर येई, आणि तिथे थांबे, जिन्यात काहीतरी विसरल्यासारखा. मागून मास्टर कानाशी म्हणत, "शरीर अजून काहीच बोललेले नाही रायर, हे डोके बोलते आहे." तेव्हा माझे शरीर जे बोलत होते ते त्यांना ऐकू जात नसावे.

मास्टरांनी रोज सहा अंडी सांगितली. आमच्या घरात अंडे हा शब्दसुद्धा मडीच्या वेळेत उच्चारत नसत. अण्णांनी एका अंड्याच्या बदली किती डाळ याचा हिशेब केला, तो आईने मनावर घेतला, आणि महिन्याची तूरडाळ पंधरवड्यात संपली. मग अण्णांनी माणशी दोन पळ्या डाळ अशी मर्यादा घातली. म्हणजे माझ्या आयुष्यातली पहिली पक्की मर्यादा डोक्यातून आली नाही, घरातून आली. उरलेली भूक मी पाण्यात घातलेला शिळा भात आणि ताक, भिजवलेले हरभरे आणि मीठ लावून उकडलेल्या शेंगा यांवर भागवत असे. आईने भाताचे पातेले बदलून एक नंबर मोठे घेतले.

आत्याचा आक्षेप वेगळाच होता. आमच्याकडे पिळ्ळैयारसमोर, म्हणजे गणपतीसमोर, हातांची अढी घालून कान धरायचे आणि उठाबशा काढायच्या, त्याला तोप्पुकरण म्हणतात. चूकभूल माफ व्हावी म्हणून ते करतात, आणि शाळेत शिक्षा म्हणूनही करायला लावतात. मी अंगणात खांद्यावर पाण्याची घागर घेऊन बसताना-उठताना आत्याने पाहिले.

"कुठला अपराध केलास रे?"

"अपराध नाही, आत्या. व्यायाम."

"मग उठताना तोंड अपराध्यासारखे का करतोस?"



त्या वर्षीच्या पावसात वाऱ्याने व्यायामशाळेचे पत्रे उडाले. दुरुस्ती होईपर्यंत लोखंड उघड्यावर राहू नये म्हणून मास्टरांनी ते मुलांच्या घरी वाटून ठेवले. स्क्वॉटचे घोडे एकाकडे गेले, डंबेल दुसऱ्याकडे. बाक, मोठा दांडा आणि चकत्या आमच्याकडे आल्या. "रायराच्या घरून कोणी चोरणार नाही," मास्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "आत शिरणाऱ्याला आधी अंघोळ करावी लागेल." हातगाडीवरून लोखंड आले तेव्हा आत्या आतल्या दारात उभी राहून 'हूं, हूं' करत होती. गाडीवाल्याला वाटले ती वाटच दाखवते आहे, आणि त्याने बाक सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत नेला. शेवटी तो मागच्या अंगणात, विहिरीचा कठडा आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये ठेवला गेला. आत्याने जमिनीवर कोळशाने रेघ मारली. रेघेच्या अलीकडे लोखंड, पलीकडे मडी.

जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी कॉलेजच्या संघात जागा हवी तर बेंचला पंच्याहत्तर पाहिजेत, असे मास्टरांनी सांगितले होते. माझे सत्तर होत. पाच किलो म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, असे मला वाटे, आणि दर रविवारी, म्हणजे मास्टरांनी जोर अजमावायला ठरवून दिलेल्या दिवशी, ते तसे नाही हे कळे. त्या रविवारी तिथी आली. अण्णा दोन शास्त्र्यांना आणायला गेले. ते अकराच्या सुमारास यायचे होते. मला अंघोळ घालून "कुठेतरी गप्प बस" असे सांगण्यात आले. मी बाकावर बसलो. बेंचच्या बाकावर बसलेला माणूस फार वेळ नुसता बसत नाही.

चकत्या चढवल्या, त्यांच्या कड्या पान्याने घट्ट आवळल्या, कमरेला मास्टरांचा रुंद पट्टा बांधला, आडवा झालो. दांडा खाली छान आला. वर जाताना वीतभर गेला, तिथे थांबला, आणि मग ज्या रस्त्याने गेला होता त्याच रस्त्याने परत येऊन माझ्या छातीवर बसला. अशा वेळी दांडा पोटाकडे लोटत नेऊन उठून बसायचे असते. मी लोटला; तो पट्ट्याच्या पितळी बकलाला अडला. मग डावीकडे कलता करून पाहिला. डाव्या चकत्या विहिरीच्या कठड्याला टेकल्या. उजवीकडे कलता करावा हे मला सुचले नाही. डोक्याची मर्यादा म्हणतात ती हीच असेल तर मास्टरांचे म्हणणे खरे होते.

ओरडायचे नाही, असेही मास्टरांचे सांगणे होते. हाक मारली की हरलास. म्हणून मी काही वेळ नुसता पडून राहिलो आणि चमचा-चमचा श्वास घेत आकाशाकडे पाहत राहिलो. ढग होते. आत उडीद वाटला जात होता, कच्च्या केळ्याच्या भाजीला मिरे-जिऱ्याची फोडणी बसली, सरांच्या रेडिओवर नादस्वरम चालले होते. हे सगळे ऐकताना मला असे वाटले की जग आपल्यावाचून व्यवस्थित चालले आहे. मग मी आईला हाक मारली.

दोघी मागच्या दारात आल्या आणि कोळशाच्या रेघेवर थांबल्या.

"काय झाले रे?" आईने विचारले.

"उठत नाही."

"तू उठत नाहीस की ते उठत नाही?" आत्याने मागून विचारले.

"दोन्ही."

आई पुढे निघाली.

"कमले, थांब," आत्या म्हणाली.

"अक्का, पोर चेंगरते आहे."

"बोलतो आहे म्हणजे श्वास आहे. अंमळ विचार करू."

विचार करण्यासारखे होते, हे आज हिशेबाच्या नजरेने पाहता मला मान्य करावे लागते. वाळलेली मडीची लुगडी दोनच होती, ती दोघींच्या अंगावर. पावसाळी हवेमुळे बांबूवरची बाकीची अजून दमट. ओलेत्याने पितरांचा पाक चालत नाही, हा आत्याचा नियम. एक लोकरीची धाबळी होती, ती उंदरांनी खाल्लेली. एक जण शिवली तर दुसरी स्वयंपाक पुरा करू शकत होती. पण एकीच्याने पंच्याहत्तर किलो उचलवणार नाहीत. दोघींनी उचलले तर उचलतील. पण मग दोघी शिवल्या, शास्त्री अकराला दारात, आणि आजोबा त्या वर्षी उपाशी. हा पेच त्या दोघींना तिथे उभ्या-उभ्या क्षणात समजला. मलाही समजला, आणि खाली पडून मी त्यात काही चूक शोधू शकलो नाही.

"सरांना हाक मार," आत्या म्हणाली.

आईने दोन हाका मारल्या. सरांनी रेडिओ मोठा केला. आमच्या घरून रविवारी हाक आली म्हणजे काहीतरी उसने पाहिजे, असा त्यांचा अनुभव होता. रस्त्यावर मडीत जाता येत नव्हते. आत्याने लुगडी ओढायची काठी आणली आणि रेघेवरूनच तिच्या टोकाने माझा दंड टोचून पाहिला. कोरडे लाकूड विटाळ नेत नाही, हाही तिचाच नियम.

"ते कमरेला काय बांधले आहेस?"

"पट्टा."

"कशाचा?"

तिथीच्या दिवशी घरात कातडे. छातीवर पंच्याहत्तर किलो असताना मी म्हणालो, "रेक्झिनचा."

"हं. आता नीट सांग. तू एकटा किती उचलतोस?"

"सत्तर."

"आणि हे किती?"

"पंच्याहत्तर."

"म्हणजे अडले आहे ते पाच किलोंवर," आत्या आईकडे वळून म्हणाली. "पाच किलो म्हणजे एक कोहळा. एका कोहळ्यासाठी कशाला दोघींनी शिवायचे? लाकडाने उचलू."

"आत्या, आता सत्तर नाही होत."

"आत्ता तर म्हणालास."

"ते ताजा असताना."

"मग आता किती?"

"साठ."

"साठ पक्के?"

"पन्नास."

"एका आकड्यावर राहा रे," आत्या म्हणाली. "असे उतरत गेलास तर बाजारात तुझा माल कोणी घेणार नाही."

"अक्का, त्याचे ओठ बघा," आई म्हणाली.

पन्नासावर ठरले. उरले पंचवीस, म्हणजे दोघींच्या वाट्याला साडेबारा-साडेबारा. दोघी रेघ न ओलांडताच कामाला लागल्या. आईने आतून मुसळ आणले, ते विहिरीच्या कठड्यावर टेकवून त्याचे टोक डाव्या बाजूने दांड्याखाली घातले. आत्याने उजवीकडे धुण्याच्या दगडावर टेकवून एक बांबू घातला, मडीची लुगडी वाळत घालायचा, कारण दुसरे काही हाताशी नव्हते. इतकी वर्षे मी पुष्कळ लोकांना पुष्कळ प्रकारे वजन उचलताना पाहिले आहे. माझी मुलगी ज्या जिममध्ये जाते तिथे दांडा निसटला तर अडवायला दोन्ही बाजूंना लोखंडी दांड्या असतात; तिने मला फोनवर दाखवल्या. पण मुसळ आणि बांबू यांच्या आधाराने, कोणाला न शिवता, बेंच प्रेस झाल्याचे मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

"पिळ्ळैयाराचे नाव घेते," आत्या म्हणाली. "नाव संपले की ढकल."

तिने नाव घेतले. मी ढकलले. मुसळ मजबूत होते, ते वर गेले. बांबू आधी वाकला, मग त्याने कडाड आवाज केला आणि उभा चिरला. डावे टोक वर, उजवे खाली. दांडा माझ्या छातीवरून गळ्याकडे घरंगळू लागला. मी हाक मारली नाही, कारण मारायला हवा नव्हती.

"अक्का!" आई म्हणाली आणि मुसळ सोडायला निघाली.

"तू शिवू नक्को," आत्या म्हणाली. "मुसळ धरून ठेव."

आणि ती रेघ ओलांडून आली. दोन्ही हातांनी दांड्याचे उजवे टोक चकतीबाहेर धरले, धुण्याच्या दगडाशी रोज बसते तशी उकिडवी बसली, आणि उठली. तोंड तिनेही केले. उजवे टोक वीत-दीड वीत वर गेले. तेवढे पुरे होते. दोन्ही टोके एकदम उचलायची काही गरजच नव्हती. एक टोक उचलले की मधल्या फटीतून माणूस निसटतो. घरात हिशेबाची इतकी माणसे, पण पंचवीसला दोनने भागायचे सोडून हे कोणाला सुचले नव्हते. मी बाकावरून उजवीकडे घसरलो आणि खाली पडलो. आत्याने टोक सोडले. दांडा बाकावरून उसळून दगडावर आदळला, दगडाचा टवका उडाला, आणि सरांनी रेडिओ बंद केला.

"काही पाहिजे का?" भिंतीपलीकडून सरांचा आवाज आला.

"नक्को, सर," आई म्हणाली.

मी जिथे पडलो होतो तिथे आत्याचे पाय होते. माझा एक हात त्यांवर होता. तिने तो हात पाहिला, मग स्वतःचे तळवे पाहिले, गंजाने तांबडे झालेले. मी पुष्कळ बोलणी खाण्याच्या तयारीने पडलो होतो.

"कमले," ती म्हणाली, "तेल बघ. धुरावते आहे."

आई आत गेली. आत्याला आता आत जाता येत नव्हते. विहिरीवर अंघोळ केली तरी नेसायला कोरडी मडी नव्हती, आणि उन्हाचा पत्ता नव्हता. तिने इकडेतिकडे पाहिले आणि बाकावर बसली. विटाळलेल्या माणसाला बसायला अंगणात दुसरी जागा नव्हती. तिथून ती सांगू लागली. वडे दोन्ही बाजूंनी सारखे तांबूस होऊ देत. खिरीला वेलदोडा आत्ता नको. तिळाच्या लाडवांचे ताट झाक. आई आतून 'होय' म्हणत होती. थोड्या वेळाने ती दाराशी आली.

"अक्का, सारात मीठ किती?"

श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव बघायची नसते, त्यामुळे हा प्रश्न साधा नव्हता.

"मूठभर."

"कोणाची मूठ?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न आलाच नव्हता. आत्याने आपली मूठ मिटून लांबून वर धरली. आईने रेघेच्या पलीकडून आपली धरली. आईची मूठ चांगलीच मोठी होती.

"तू पाऊण घाल," आत्या म्हणाली. आणि त्यानंतर तिने सांगायचे बंद केले. आई तीन वेळा दाराशी येऊन उभी राहिली. तीनही वेळा आत्या विहिरीकडे पाहत बसली. चौथ्या वेळी आई आली नाही.

पुढे मास्टरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी मधेच थांबवून विचारले, "पाठीने उचलले की मांड्यांनी?" मांड्यांनी, असे मी सांगितले. "बाईंचे वजन किती?" असे त्यांनी विचारले, आणि सगळ्यांत हलक्या गटात महिलांची नावे कमी आहेत, असे म्हणाले. ते गंमत करत होते असे मला आजही वाटत नाही. स्पर्धेत मी पंच्याहत्तर उचलले, एकदाच, पंचाचा हात वर जाईपर्यंत. 'ते' मात्र मला आयुष्यात कधी जमले नाही. आता गुडघे पंचावन्नाचे आहेत आणि त्या आकड्याचे नाव मी बँकेत बिनदिक्कत घेतो. मर्यादा डोक्यात असते की शरीरात, याबद्दल माझा अनुभव इतकाच आहे की माझी त्या दिवशी छातीवर होती. आत्याची कुठे होती ते मला सांगता येणार नाही. तिने ती ओलांडली ती पाच किलोंपासून घासाघीस करून झाल्यावर.

अण्णा शास्त्र्यांना घेऊन आले, अकरा वाजून सहा मिनिटे झाली होती. मोठे शास्त्री देहाने मोठे, धाकटे नुसते वयाने धाकटे. आत्याला बाकावर बसलेली पाहून मोठे शास्त्री मागच्या दारातच थबकले.

"बाई बाहेर का?"

आईने आतून चार वाक्यांत सांगितले. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि चिरलेल्या बांबूकडे दोनदा.

"लोखंडाचा विटाळ नाही," धाकटे शास्त्री विचार करून म्हणाले. "मुलाचा आहे."

"मुलाचाच," आत्या म्हणाली. "पाक मडीतलाच आहे. कमला शिवलेली नाही. तुम्ही बसा."

ती हे बोलली तेव्हा तिचा आवाज आम्हांला माहीत असलेला नव्हता. शास्त्री नाही म्हणाले असते तर आईने पहिल्यांदा एकटीने रांधलेले सगळे अन्न विहिरीपलीकडच्या खड्ड्यात गेले असते, आणि आत्याने जे केले ते आजोबांना उपाशी ठेवून केले असे झाले असते. अण्णा धोतराचा सोगा धरून उभे. मोठ्या शास्त्र्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने एक लांब श्वास घेतला. तळणाचा वास येत होता.

"शिवलेली नाही ना? मग प्रश्न काय?" ते म्हणाले आणि अंघोळीला विहिरीकडे वळले.

केळीची पाने मांडली. आई वाढत होती, भात, वडे, कारल्याची भाजी, सार, खीर. आत्या बाहेर अंगणात, भिंतीपलीकडे उभी होती, दिसत नव्हती, पण आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. शेवटी यजमानाने विचारायचे असते, तृप्त झालात का. अण्णांनी विचारले. धाकटे शास्त्री लगेच हो म्हणाले. मोठ्या शास्त्र्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. भिंतीपलीकडे काही हलत नव्हते. त्यांच्या तोंडात वडा होता. तो गिळून ते म्हणाले, "तृप्त," आणि पानाकडे पाहून, विधीत नसलेले असे, "सार अजून आहे का?"

दुपारी चारच्या सुमारास ऊन पडले. आत्याचे लुगडे संध्याकाळी वाळले. ती अंघोळ करून आत आली आणि पाटावर बसली. आम्ही सगळे जेवलो होतो, ती आदल्या रात्रीपासून उपाशी होती. आत्या दुसऱ्याच्या हातचे जेवत नसे. आईने पान वाढले आणि बाजूला उभी राहिली. आत्याने साराचा भात कालवला, पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मीठ?" आईने विचारले.

"आहे," आत्या म्हणाली, आणि पान पुरे केले.

शास्त्री गेल्यावर घरच्यांत एक शेवटचे देणे उरते. ज्याने पाक केला त्याला यजमान आपल्या हाताने नारळ, विडा आणि एक रुपया देतो. अण्णांनी ताट उचलले आणि सवयीने आत्यासमोर धरले.

"माझ्याकडे काय आणतोस?" आत्या म्हणाली. "पाक कोणी केला?"

"अक्का, नऊपर्यंत तुम्हीच होता," आई म्हणाली. "निम्मा तुमचाच आहे."

"निम्म्याला दक्षिणा नसते. घे."

त्या तिथीला अखेर दिले गेले ते असे: दोन्ही शास्त्र्यांना धोतरजोडी आणि ठरलेली दक्षिणा, दोघांना सारखी. आईला नारळ, विडा आणि एक रुपया. आईच्या लग्नाला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.